ड्रेनेज लाईन येईपर्यंत

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाईच्या बाजूला जुने घर विकायला काढलेला मालक गिऱ्हाइकाला एक गोष्ट आवर्जून सांगतो: पंधरा वर्षे झाली, आमची सेप्टिक टाकी एकदाही उपसावी लागली नाही. ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. एक कटकट वाचली, एक खर्च वाचला. खरे तर हे ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारायला हवा तो टाकीच्या तळाबद्दल. चार-पाच माणसांच्या घराची, नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांत गाळाने इतकी भरते की ती उपसण्यावाचून गत्यंतर नसते. जी पंधरा वर्षे भरत नाही तिला एक तर तळच घातलेला नसतो, किंवा भिंतींना चिरा गेलेल्या असतात, किंवा आतला गाळ कधीपासून पाण्याबरोबर बाहेर वाहू लागलेला असतो. मैला नाहीसा झालेला नसतो. तो जमिनीत गेलेला असतो, आणि त्याच प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात बोअर असते.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 2470 या संहितेत सेप्टिक टाकी आणि तिच्या पुढची व्यवस्था कशी असावी याचे नियम आहेत. पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि शोषखड्डा यांच्यात किमान 18 मीटर अंतर हवे, असे ती सांगते. आता हे अंतर शहराच्या नव्या वस्त्यांत ठेवून पाहावे. गुंठेवारीतला सर्वसाधारण प्लॉट वीस बाय तीस फुटांचा. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी धरली तरी ती 11 मीटर भरते. तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला तर 15 मीटर. म्हणजे घरमालकाने कितीही मनापासून ठरवले तरी स्वतःच्या जागेत त्याला हा नियम पाळता येणार नाही. शेजाऱ्याचा शोषखड्डा तर भिंतीपलीकडेच असतो, आणि तो कुठे आहे हे शेजाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नसते.

हा प्रश्न एका शहराचा नाही. 2011 च्या जनगणनेनुसार शहरी भारतातली 32.7 टक्के घरे गटारवाहिनीला जोडलेली होती आणि 38.2 टक्के घरांचा आधार सेप्टिक टाकी हाच होता. देशाच्या शहरांत नळाने वाहून जाणाऱ्या मैल्यापेक्षा अंगणात मुरणारा मैला जास्त घरांचा आहे. तरीही घर बांधताना चर्चा होते ती टाइल्सची, किचन ओट्याची, गच्चीवरच्या टाकीची. जमिनीखालची टाकी गवंडी ठरवतो. तो मागच्या गल्लीत जशी बांधली तशीच इथे बांधतो, आणि मालक स्लॅबच्या दिवशी पेढे वाटतो तसे टाकीच्या दिवशी तिथे फिरकतही नाही. पुढील पानांत मापे, साहित्य आणि देखभाल यांचा तपशील येतो. त्याआधी हे सगळे या शहरात, या जमिनीवर, आत्ताच का समजून घ्यायचे, ते इथे सांगायचे आहे.

आत्ताच, कारण पाणी येऊ घातले आहे.

मलिक अंबरच्या नहरींपासून आजपर्यंत या शहराच्या पाण्याची कहाणी म्हणजे पाणी आणण्याची कहाणी. जायकवाडीहून नवी पाणीपुरवठा योजना आणण्याच्या कामाचे भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झाले. तेव्हा ती 1,680 कोटी रुपयांची होती, पुढे खर्च 2,700 कोटींच्या वर गेला. कित्येक दिवसांआड नळ येणाऱ्या, उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या शहराने या योजनेची वाट डोळ्यांत प्राण आणून पाहिली, त्यात नवल नाही. पण नियोजनाचा साधा ठोकताळा असा आहे की घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. माणशी रोज 135 लिटर हे शहरी पुरवठ्याचे प्रमाण धरले तर पाच जणांच्या घरात 675 लिटर पाणी येईल आणि 540 लिटर बाहेर जाईल. वर्षाला जवळपास दोन लाख लिटर. जिथे ड्रेनेज लाईन नाही तिथे हे सगळे एका टाकीतून आणि एका खड्ड्यातून जायचे आहे. आज अनेक वस्त्यांतले शोषखड्डे तग धरून आहेत, कारण घरात पाणी मोजून वापरले जाते, धुण्याचे पाणी फरशीला आणि फरशीचे झाडांना जाते. टंचाईने त्या खड्ड्यांना सांभाळून घेतले आहे. नळ रोज येऊ लागला की हे सांभाळणे संपेल.

या वस्त्या अशा का उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. वाळूज आणि चिकलठाण्याचे कारखाने वाढले तसे जालना, बीड, परभणीकडून कामगार आले. सिडकोने आखून दिलेल्या भागांत आधी गटारे आणि मग घरे, असा क्रम होता. ते घर ज्यांना परवडले नाही त्यांनी शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे बाँडपेपरवर घेतले. शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहती शहराभोवती अशाच वाढल्या. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, पण कागद नियमित झाला म्हणून जमिनीखाली नळ आला असे होत नाही. सातारा-देवळाईची गावे ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आणि थोड्याच काळात महापालिकेत आली, तेव्हा तिथे हजारो घरे आपापल्या टाक्यांवर चाललेली होती. शहराच्या भूमिगत गटार योजनेतून कांचनवाडीला रोज 16 कोटी 10 लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र उभे राहिले. एवढे मोठे केंद्रसुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचलेले पाणीच शुद्ध करू शकते.

टाकीची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या वेसूल गावच्या झाँ-लुई मूरास याने 1860 च्या सुमारास घरचा मैला एका बंद हौदात सोडला. काही वर्षांनी तो उघडला तेव्हा अपेक्षेपेक्षा फारच थोडा गाळ निघाला. 1881 मध्ये त्याला या हौदाचे पेटंट मिळाले. 1890 च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉनने अशाच टाकीला सेप्टिक टँक हे नाव दिले आणि ते जगभर गेले. भारतही मागे नव्हता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्ये मैल्याच्या टाक्यांवर झाकण बसवून आतला वायू गोळा केला जात होता आणि कामाला लावला जात होता. मराठी मुलखात गोबर गॅसची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

टाकीच्या आत जे घडते ते साधे आहे. जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर तरंगून त्याची जाड साय धरते, आणि मधला पाण्याचा थर टी आकाराच्या नळातून पुढे सरकतो. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात आणि त्याचा आकार घटवतात. सगळे काही ते संपवू शकत नाहीत, म्हणून गाळ साचत राहतो. आयएस 2470 पाच माणसांसाठी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर अशी टाकी सांगते, म्हणजे साधारण 1,125 लिटर. ही मापे दोन वर्षांतून एकदा उपसा होईल असे गृहीत धरून काढलेली आहेत. रिकाम्या टाकीत 540 लिटर रोज येत असतील तर पाणी आत दोन दिवस थांबते. अर्धी टाकी गाळाने भरली की तेच पाणी एका दिवसात बाहेर पडते, गाळ बसायला वेळ मिळत नाही, आणि शोषखड्ड्याच्या भिंतींवर चिखलाचा लेप चढू लागतो. टाकी उपसायला कंटाळलेल्या माणसाचा खड्डा आधी मरतो, आणि खड्डा दुरुस्त करणे टाकी उपसण्यापेक्षा फार महाग पडते.

एक गैरसमज मात्र घट्ट बसलेला आहे. टाकीतून निघणारे पाणी स्वच्छ दिसते, म्हणून ते स्वच्छ आहे असे मानले जाते. टाकी सेंद्रिय घाण फार तर निम्म्यावर आणते, रोगजंतू मोठ्या संख्येने तसेच पुढे जातात. त्यांचा बंदोबस्त करते ती माती. म्हणून या सगळ्या विषयाचा गाभा टाकीपेक्षा मातीत आहे, आणि मराठवाड्याची माती इथे आपले म्हणणे ठामपणे मांडते.

दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. वर काळी माती, तिच्याखाली कुठे हातभर तर कुठे पुरुषभर मुरूम, आणि मग भेगाळलेला काळा पाषाण. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा दिवसांत खोदलेला शोषखड्डा पाणी गटागट पितो आणि गवंडी खुशीत पैसे घेऊन जातो. आषाढ-श्रावणात तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि खड्डा वर यायला लागतो. मग एखाद्या रात्री पाइप काढून पाणी रस्त्याकडेच्या नाल्यात सोडले जाते आणि तिथून ते कधी खामच्या तर कधी सुखनाच्या पात्रात उतरते. खाम पुढे गोदावरीला मिळते, आणि ज्या जायकवाडीतून शहर पाणी पिते ते धरण गोदावरीवरच आहे.

दुसरी बाजू याहून धोक्याची. डोंगराच्या पायथ्याला, जिथे काळी माती जेमतेम आहे आणि खाली मुरूम किंवा फुटका खडक लागतो, तिथे खड्डा कधीच तुंबत नाही. पाणी खडकातल्या फटींतून थेट खाली जाते, वाटेत त्याला गाळायला काहीच नसते. त्याच फटी बोअरला पाणी देतात. मैल्यातल्या नायट्रोजनचे नायट्रेट होऊन तेही भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची भारतीय मानकातली मर्यादा आहे. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते घटवते. पाणी उकळले की जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. बाळाचे दूध बोअरच्या पाण्यात उकळून करणाऱ्या आईला हे कोणीतरी सांगायला हवे. पाणी तपासून घेण्याची सोय जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत असते, आणि ड्रेनेज नसलेल्या वस्तीत ही तपासणी वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, झालीच पाहिजे.

नळाचे पाणीसुद्धा यातून सुटत नाही. दिवसांआड पुरवठ्यात नळ बहुतेक वेळ रिकामे असतात. रिकाम्या नळाच्या सैल सांध्यातून भोवतालचे पाणी आत ओढले जाते, आणि भोवती शोषखड्ड्यांनी ओली झालेली जमीन असेल तर पहिल्या पाच मिनिटांच्या गढूळ धारेत काय असते, याचा विचार करावा.

जमीन पाणी किती पिते हे ठरवायला एक पाझर चाचणी आहे. ती घरमालकाला स्वतः करता येते. ज्या खोलीवर पाणी मुरायचे तिथपर्यंत लहान खड्डा घ्यायचा, तळाशी थोडी खडी टाकायची, तो रात्रभर पाण्याने भरलेला ठेवून माती फुगू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी 25 मिलिमीटर खाली जायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर हवेत. तासापेक्षा जास्त लागला तर पाणी जमिनीत सोडण्याचा विचार सोडायचा आणि टाकीच्या पुढे खडीचा गाळण कप्पा बांधायचा, ज्यात पाणी खालून वर चढते आणि खडीवर वाढलेले जिवाणू ते आणखी शुद्ध करतात. जिथे दोन हात जागा आहे तिथे खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून पाणी फिरवता येते. रात्रभर भिजवण्याची पायरी गाळून मे महिन्यात केलेली चाचणी काळ्या मातीत निरुपयोगी आहे. आणि पाणी मिनिटभरात नाहीसे झाले तर आनंद मानण्यापेक्षा बोअर किती दूर आहे ते आधी पाहावे.

मोरीचे आणि धुण्याचे पाणी संडासच्या पाण्यापासून वेगळे केले की अर्धे दुखणे हलके होते. याचा धडा मराठवाड्यातच गिरवला गेला. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे आणि त्यांतले डास हटवले. जिल्हा परिषदेने ते रोजगार हमीच्या निधीतून इतर गावांत नेले आणि नांदेड पॅटर्न या नावाने राज्यभर त्याची चर्चा झाली. खड्ड्याच्या मधोमध भोके पाडलेली सिमेंटची लहान टाकी, भोवती दगडगोटे, वर झाकण, एवढाच त्याचा थाट. तो सांडपाण्यासाठी आहे, मैल्यासाठी नाही. शहरातल्या काही घरांनी संडासचा नळही अशाच खड्ड्याला जोडला आहे, आणि ते चूक आहे.

राहिला गाळ. तो कोण काढतो, या प्रश्नापाशी हा विषय बांधकामाचा उरत नाही. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. मार्च 2019 मध्ये, दुष्काळात, संभाजीनगरच्या ब्रिजवाडी परिसरात ड्रेनेजचे पाणी पिकाला घेण्यासाठी चेंबरमध्ये उतरलेल्या शेतकऱ्यांचाही असाच अंत झाला. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना तो सडक्या अंड्यासारखा वास देतो, जास्त झाला की नाक बधिर करतो, त्यामुळे उतरणाऱ्याला वाटते की वास गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून मरणारे एकटे नसतात, अनेकदा भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक असतात. 2013 च्या कायद्याने माणसाला अशा टाकीत संरक्षणाविना उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. टाकी आपली आहे म्हणून तिच्यात कोणाला उतरवण्याचा हक्क आपला होत नाही, मग तो माणूस स्वतःहून तयार असला तरी. हजारभर रुपयांसाठी तो तयार होतो यातच सगळे आले.

मैला उपसणारी गाडी हा त्याचा मार्ग आहे, पण गाडीला टाकीपर्यंत पोहोचता यायला हवे. पोर्चच्या फरशीखाली गाडलेले झाकण, नऊ फुटांची गल्ली, दारात उभ्या मोटारी यांमुळे मालक उपसा पुढे ढकलत जातो. गाडीवाला भरलेला गाळ कुठे रिकामा करतो, हेही फार थोडे लोक विचारतात. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहराला आपला कचरा कुठे जातो ते कळले होते. गाळाच्या बाबतीत ते अडवण्याची वेळ येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या लहान शहरांनी याचे उत्तर शोधून दाखवले आहे. 2018-19 पासून, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने, तिथे घरोघरच्या टाक्या ठरलेल्या क्रमाने तीन वर्षांतून एकदा उपसल्या जाऊ लागल्या. नागरिकाने फोन करण्याची वाट पाहिली जात नाही. गाडी वेळापत्रकाने येते, खर्च करातून भागतो आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. कचऱ्याच्या घंटागाडीला जर दिवस ठरलेला असतो तर टाकीलाही ठरवता येतो, हे त्यांनी करून दाखवले. संभाजीनगरसारख्या मोठ्या शहराकडे प्रक्रिया केंद्रे आधीच आहेत. उणीव आहे ती कोणत्या घरात केवढी टाकी आहे, ती शेवटची कधी उपसली, याच्या नोंदवहीची.

गाळाकडे संपत्ती म्हणून पाहणाऱ्यांची परंपराही महाराष्ट्राची आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले आप्पासाहेब पटवर्धन कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारे संडास बनवत होते, आणि भंगीकाम ही एका जातीच्या माथी मारलेली शिक्षा आहे हे स्वतः ते काम करून सांगत होते. देहू गावात 1959 मध्ये सरकारी दवाखान्यात आलेले डॉ. सुहास मापुसकर यांच्या लक्षात आले की औषधे देऊन हगवण थांबत नाही. त्यांनी आयुष्य संडासांच्या रचनेला वाहिले, संडासला जोडलेला मलप्रभा बायोगॅस संच विकसित केला आणि देहूत आप्पांच्या नावाने सफाई व पर्यावरणाचे तंत्रनिकेतन उभे केले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका डॉक्टरने टाकीचे नकाशे काढत बसावे, याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. पण जुलाबाचे रोगी कुठून येतात हे ज्याला दिसले त्याला दुसरे काय करता येणार होते?

सातारा-देवळाईसाठी अमृत 2.0 अभियानातून मलनिस्सारण वाहिन्यांची योजना मंजूर झाली आहे. लाईन गल्लीत आल्यावर टाकीचे काय करायचे, याचा विचार घरोघरी आत्ताच व्हायला हवा. सोपा म्हणून अनेक जण टाकीचा बाहेर जाणारा नळ तेवढा लाईनला जोडून मोकळे होतात. टाकी मध्ये तशीच राहते, गाळ साचत राहतो, वायू कोंडत राहतो, आणि उपशाची गरजही तशीच राहते. योग्य रीत अशी की संडासचा नळ टाकी वगळून थेट चेंबरला न्यायचा. मग टाकी गाडीने पूर्ण उपसून घ्यायची, चुना टाकायचा, माणूस आत न उतरवता वरूनच पहारीने तळाला भोक पाडायचे म्हणजे पावसाचे पाणी आत साठणार नाही, आणि थराथराने मुरूम टाकून धुमसाने ठोकून घ्यायचा. शोषखड्ड्याचेही तेच. दोन्हींच्या जागा घराच्या नकाशावर मोजमापांसह लिहून ठेवायच्या आणि घर विकले तर तो कागद खरेदीखताबरोबर द्यायचा, कारण दहा-वीस वर्षांनी वरचा मजला चढवताना कोणीतरी नेमका तिथेच कॉलमचा खड्डा घेईल.